अप्पांच्या यंत्राचं पाणी

वेस्ट मांबलम, ११ एप्रिल २०२५

विश्वेश,

हे पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवून जाते आहे. फोनवर आपलं बोलणं लगेच भांडणावर जातं, आणि हे तुला नीट कळायला हवं, म्हणून लिहून ठेवते. तू संध्याकाळी पोचशील तेव्हा माझी गाडी सुटलेली असेल. तुलाही ते बरंच वाटेल.

माझ्या आईचं ऑपरेशन सोमवारी आहे. खुब्याचं हाड आहे, त्यामुळे मला सांगलीत पंधरा दिवस तरी राहावं लागेल. तिला माझ्याशिवाय कोणी नाही, हे तुला माहीत आहे. तू रजा काढून तुझ्या वडिलांजवळ राहायला येतो म्हणालास, त्याबद्दल मनापासून आभार. अप्पांनी काल न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली. तुझ्यासाठी.

अप्पांचं जेवणखाण, गोळ्या हे सगळं ते स्वतः सांगतील. मला सांगायचं आहे ते त्यांच्या झोपेच्या यंत्राबद्दल. दोन वर्षांपूर्वी तू घर सोडून गेलास तेव्हा ते इथे नव्हतं. पलंगाजवळच्या स्टुलावर आहे. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री नाकावर मास्क लावून झोपतात, नळीतून हवा येते. त्या हवेला ओल यावी म्हणून यंत्राला पाण्याचा एक पारदर्शक डबा आहे. डबा तळाशी तापतो, पाण्याची वाफ हवेत मिसळते आणि थेट अप्पांच्या छातीत जाते. म्हणून त्या पाण्याची एवढी काळजी. त्यांच्या फुप्फुसांवर लहानपणच्या टीबीचे व्रण आहेत, हे तू जाणतोसच.

त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. औषधाच्या दुकानातले दोन पांढरे कॅन टेबलाखाली ठेवलेत. तिथेच एक निळा कॅन आहे, तो इन्व्हर्टरच्या बॅटरीचा, त्याला हात लावू नकोस. आपण पितो ते मोठ्या कॅनचं पाणी चालत नाही. यंत्र विकायला आलेल्या माणसाने ‘चालतं मॅडम’ असं सांगितलं होतं; महिन्याभरात तळाला पांढरा थर बसला. अप्पा म्हणाले, “हा तर चुनखडीचा प्रदेश झाला!” भूगोलाचे मास्तर ते. नळाचं पाणी तर अजिबात नको. आपल्या बोअरचं पाणी कसं आहे ते बादलीच्या कडा बघून कळेलच.

रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकायचं. ‘आहे अजून अर्धा डबा’ म्हणून तसंच ठेवायचं नाही. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, कोमट पाणी, मऊ स्पंज, आणि मग भरपूर खळबळून सावलीत उपडा ठेवायचा. मास्कही तसाच. नळी न्हाणीघरातल्या दांडीवर टांगायची, म्हणजे आत ओल राहत नाही. रविवारी पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून डब्यात अर्धा तास ठेवायचं, धुवायचं, वास जाईपर्यंत. संध्याकाळी नवीन पाणी, रेघेपर्यंतच. डबा भरलेला असताना यंत्र हलवू नकोस, पाणी मोटरमध्ये जातं.

गोदाअत्या आल्या तर नीलगिरीचे चार थेंब टाक म्हणतील. टाकू नकोस.

आणि कधी कॅन संपलाच, दुकान बंद असलं, तर डबा रिकामा ठेवून यंत्र तसंच चालव. घसा कोरडा पडेल, तेवढंच. कोरड्या घशाने माणसाला काही होत नाही.

हे सगळं अप्पा स्वतः करू शकत नाहीत. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात चमचा धरतो, पण डब्याचा खटका त्या हाताने उघडत नाही. ते कबूल करणार नाहीत. तू विचारू नकोस, नुसतं करून टाक.

सावनी


सांगली, १८ एप्रिल २०२५

विश्वेश,

आईचं ऑपरेशन नीट झालं. काल वॉकर धरून दारापर्यंत गेली.

तू पाठवलेला फोटो पाहिला. अप्पा आपल्या जवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर! होडीच्या लाकडावर बसलेत, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, आणि बाजूची कोळीण त्यांना हातात मासा धरून काहीतरी सांगते आहे. आयुष्यात मासा न खाल्लेला माणूस काय लक्ष देऊन ऐकतो आहे! आईला दाखवला. ती म्हणाली, “व्याही दहा वर्षांनी लहान दिसतायत.”

मी त्यांना कधी समुद्रावर नेलं नाही. नेता आलं असतं. ऑफिस, बाजार, दवाखाना ह्यातच दिवस जातो. तू कालच्या फोनवर म्हणालास, ‘तू त्यांना पेशंट करून ठेवलं आहेस.’ त्यात थोडं खरं असेल.

अप्पांशीही बोलले. आपल्या त्या जुन्या वळणाच्या मराठीत सुरू झाले ते थांबतच नव्हते. “विश्वेशानें मज समुद्र दाखविला. येतांना इडली घेतली. तो चांगली गाडी चालवितो, सावनी.” आवाज बसल्यासारखा वाटला. वारा लागला म्हणाले. रात्री खोकतात का?

डबा रोज धुतोस ना? मी फोनवर विचारलं तर तू ‘हो गं, हो’ म्हणालास. तुझा ‘हो गं, हो’ मला ओळखीचा आहे, म्हणून पुन्हा विचारते. रागावू नकोस.

सावनी


वेस्ट मांबलम, २७ एप्रिल २०२५

विश्वेश,

काल सकाळी पोचले. तू आदल्या दुपारीच निघालास हे वरच्या मजल्यावरच्या राममूर्तींकडून कळलं. रात्री ते अप्पांजवळ झोपले होते. एक दिवस थांबला असतास तर मला बरं वाटलं असतं, पण ते असो.

अप्पा खुशीत आहेत. तू आणलेला नवा रेडिओ उशाशी ठेवलाय. थोडी कणकण आहे, खोकलाही. डॉक्टरांकडे उद्या नेते.

आल्याआल्या मी यंत्र साफ केलं. दोन्ही पांढरे कॅन टेबलाखाली तसेच होते, झाकणाची पट्टीही न तुटलेली. तू बाहेरून दुसरं आणलं होतंस का? आणलं असशील तर कुठलं, एवढं कळव. डॉक्टर विचारतील म्हणून विचारते.

सावनी


अड्यार, ६ मे २०२५

विश्वेश,

तुझा मेसेज मिळाला: ‘जे होतं ते वापरलं, आता इतकं काय?’ बरं.

अप्पांना शनिवारी ॲडमिट केलं. न्यूमोनिया. गोळ्यांनी ताप उतरला नाही आणि चालताना धाप लागायला लागली. हॉस्पिटल माझ्या ऑफिसच्या जवळच आहे, त्यामुळे मी इथूनच ये-जा करते. हे पत्र त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे.

डॉक्टर सौम्या म्हणून आहेत, तरुण, पण घाई न करता बोलतात. अप्पांच्या थुंकीत एक जंतू सापडला. असे जंतू साठलेल्या पाण्यात, ओल्या नळीत वाढतात म्हणाल्या. झोपेचं यंत्र आहे कळल्यावर विचारलं, “त्यात पाणी कुठलं घालता? कोण भरतं?”

अप्पांनी उत्तर दिलं.

त्याबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. औषध बदललं आहे, बघू. पण तू ये. गोदाअत्या दोनदा येऊन गेल्या. अप्पा दाराकडे बघतात, मग माझ्याकडे बघून विचारतात, “त्याच्या ऑफिसचें ऑडिट संपलें काय?” मी सांगते, संपत आलं.

सावनी


अड्यार, १४ मे २०२५

विश्वेश,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पुन्हा मेल.

काल दुपारी त्यांना आयसीयूत हलवलं. नळी घालण्याआधी डॉक्टरांनी मला दोन मिनिटं आत जाऊ दिलं. मास्कमधून बोलत होते, शब्द लागत नव्हते. मला कोवलम एवढंच कळलं. त्या कोळणीचं नाव सांगत होते बहुतेक.

आता ते बोलत नाहीत. हात धरला तर बोटं हलतात. ऑडिट सोडून ये. विमानाने ये.

सावनी


वेस्ट मांबलम, २ जून २०२५

विश्वेश,

तेराव्याला जेवणाची पानं वाढत होते तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, “हिला आपली आई महत्त्वाची. अप्पांना टाकून गेली ही.” माझ्या हातात साराचं भांडं होतं. ते खाली ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. गोदाअत्यांनी मान खाली घातली. तुझा बाप गेलेला, तुला कोण काय बोलणार?

मीही बोलले नसते. पण काल तुझा मेल आला. त्यात तेच, आणखी जोरात. ‘तू गेली नसतीस तर अप्पा आज असते.’

हे वाक्य खरं आहे, विश्वेश. मी गेले नसते तर अप्पा बहुधा आज असते. का, ते आता तुला सांगते. अप्पांनी सांगू नको म्हटलं होतं.

सव्वीस एप्रिलला मी घरात शिरले, बॅग ठेवली आणि अप्पांच्या खोलीत गेले. ते गॅलरीत रेडिओ ऐकत होते. यंत्राचा डबा अर्धा भरलेला होता. पाणी पिवळट. तळाला खडूसारखा थर, आणि कोपऱ्यांत गुलाबी, बुळबुळीत साय. नाकाजवळ नेला तर फुलदाणीतलं पाणी बदललं नाही की येतो तसा वास. नळी यंत्रालाच अडकवलेली, आत थेंब. स्पंज मी ठेवला होता तिथेच, वाळून कडक. माझं पत्र फळांच्या टोपलीखाली होतं.

मी डबा तसाच हातात घेऊन गॅलरीत गेले. “अप्पा, हे काय?”

त्यांनी रेडिओ बंद केला. आधी म्हणाले, “विश्वेश करीत होता. मीच नको म्हटलें.” बोलताना पंख्याकडे बघत होते. चाळीस वर्षं मुलांच्या थापा पकडलेल्या माणसाला स्वतःला थाप मारता येत नव्हती.

मी शेजारी बसले. मग ते आपणच सांगायला लागले. “तो नळाखालीं धरून भरीत असे. एकदां भरलें कीं दोन-तीन दिवस तेंच. मी बिछान्यावरून पाहत होतों.”

“तुम्हाला माहीत होतं ना, हे चालत नाही म्हणून?”

“माहीत होतें.”

“मग सांगितलं का नाही? निदान मला फोनवर तरी?”

ते हसले. “दोन वर्षांनीं लेंकरूं घरीं आलें, सावनी. त्यास पुन्हा धडे शिकवूं काय? जन्मभर तेंच केलें मी. बैस म्हटलें, लिही म्हटलें, चुकलास म्हटलें. म्हणून तर तो गेला. ह्या वेळीं म्हटलें, कांहीं बोलायचें नाहीं. चार दिवस सुखानें राहूं दे.”

“आणि मास्क? तो तरी लावायचा नव्हता.”

“न लावतां झोपलों तर तो घाबरतो. श्वास अडकतो, आवाज होतो. पहिल्या दिवशीं लावला नाहीं, तर उठून आला बिचारा. मग लावीत गेलों.”

हे तुला ठाऊक आहे का? तू उठून आला होतास. ते त्यांनी मला दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी ‘पाणी कुठलं’ असं तुला विचारलं तेव्हा मला हे सगळं कळलेलं होतं; तू स्वतः सांगतोस का, एवढंच पाहायचं होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर सौम्यांनी विचारलं, पाणी कोण भरतं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत अप्पा तमिळमध्ये म्हणाले, “मीच. नळाचं. म्हाताऱ्याचा आळस.” डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात चादरीवर पडलेला होता, मिटत नव्हता. मग माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

त्या गेल्यावर अप्पांनी मला जवळ बोलावलं. “त्यास सांगूं नको, बरें. कळलें तर तो ह्या घरास परत येणार नाहीं. तुझ्याकडेही पाहूं शकणार नाहीं.” अजून त्यांना वाटत होतं की तू माझ्याकडे परत येशील. मी गप्प राहिले. त्यांना वाटलं मी शब्द दिला. मी दिला नव्हता, पण दिला नाही असंही सांगितलं नाही.

आता उरलेलंही सांगते, कारण अर्धवट सांगितलं तर ते खोटं होईल. अप्पा गेल्यावर मी डॉक्टरांना एकटीने जाऊन विचारलं, हे त्या पाण्यानेच झालं का. त्या म्हणाल्या, “होऊ शकतं. सिद्ध करता येणार नाही. डबा तुम्ही धुऊन टाकलात, तपासायला काही उरलं नाही. त्यांची फुप्फुसं आधीच खराब होती, वय होतं, साखर होती. समुद्रावरच्या वाऱ्याचंही निमित्त झालं असेल. चांगलं पाणी असतं तरी झालं असतं का? मला माहीत नाही.” त्यांनी जे सांगितलं ते असं आहे. ह्यातलं तुला काय धरायचं ते धर. मी रोज वेगळं धरते.

पण मी त्यांना टाकून गेले, असं पुन्हा म्हणू नकोस. मी त्यांना त्यांच्या मुलाकडे सोपवून गेले होते.

आणखी एक. तू होतास त्या दिवसांबद्दल ते शेवटपर्यंत बोलत होते. कोवलमची होडी, तू त्यांना पाठीवर घेऊन वाळू ओलांडलीस ते, इडलीबरोबरची चटणी तिखट म्हणून तू दुकानदाराशी भांडलास ते. नर्सलाही सांगत. ती त्यांना आजोबा ह्या अर्थी तात्ता म्हणायची, “तात्ता, तुमचा मुलगा कुठे आहे मग?” ते म्हणायचे, “ऑडिट आहे. मोठा ऑफिसर.” मी त्यांची दोन वर्षं सेवा केली आणि त्यांना एवढा आनंद देऊ शकले नाही, हेही मी लपवत नाही.

सावनी


वेस्ट मांबलम, ११ जून २०२५

विश्वेश,

काल तुझा फोन आला. मागे तुझ्या ऑफिसातली माणसं बोलत होती, मग दार लागल्याचा आवाज आला आणि शांत झालं. मीही फोन ठेवला नाही.

तू एवढंच विचारलंस, “अप्पांना माहीत होतं? पहिल्या दिवसापासून?”

मला नाही म्हणता आलं असतं. पत्रात रागाच्या भरात वाढवून लिहिलं, असं म्हणता आलं असतं, आणि तू विश्वास ठेवला असतास, कारण तुला ठेवायचा होता. मी हो म्हणाले. मग तुझा जो आवाज आला तो मी ह्याआधी कधी ऐकला नव्हता. लग्नात नाही, भांडणात नाही, स्मशानातही नाही.

नंतर तू म्हणालास, “तू हे न सांगता राहू शकली असतीस, सावनी.”

मी फोनवर उत्तर दिलं नाही. आता देते. हो, राहू शकले असते. सांगितल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. त्या दिवसापासून अप्पांच्या खोलीत जाताना मला त्यांची नजर चुकवावीशी वाटते, आणि तिथे तर नुसता पलंग आहे. त्यांचं शेवटचं मागणं मी मोडलं. पण ते गुपित अप्पांना ठेवता आलं, कारण ते जाणार होते. मला इथे राहायचं आहे. हे पोटात ठेवून, वर तुझं ते वाक्य ऐकत, मी किती वर्षं राहिले असते? एक दिवस तुझा द्वेष करायला लागले असते. आज मी तुझा द्वेष करत नाही. एवढंच काय ते मिळालं.

आपलं काही जुळेल असं मला वाटत नाही. तुलाही वाटत नसेल. अप्पांना वाटत होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

गोदाअत्या म्हणाल्या, तू अप्पांच्या मासिक श्राद्धाला येणार नाहीस. “कुठल्या तोंडाने येऊ” असं तू त्यांना म्हणालास. त्यांना कशाबद्दल ते कळलं नाही, मी सांगितलंही नाही आणि सांगणार नाही. ही गोष्ट तुझ्यामाझ्यात राहील.

पण ये. ज्या तोंडाने येता येईल त्या तोंडाने ये. रविवार आहे, रजेचा प्रश्न नाही. गुरुजी सकाळी लवकर येतील, त्यांना पुढे अड्यारला दुसरं काम आहे. स्वयंपाक मी आणि अत्या करू. तू माझ्याशी बोलायची गरज नाही. जेवून परत जा हवं तर.

तर्पण मात्र मला करू देत नाहीत. ते तुलाच करायचं आहे.

सावनी